मेंदूतला निरोप्या आणि आमच्या आत्या

वाडी भागात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आम्हाला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, ह्यांची ड्युटी कुठल्या कंपनीत ते पण विचारलं नाही. एक काचेचा पेला माझ्या हातात दिला, मोरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "धू."

मला सातवा महिना, जिना चढून धाप लागलेली. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. धुतला. त्यांनी तो उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा बारीक केला. "थेंब चिकटलेत. काच खरी स्वच्छ असली ना, की पाणी थेंब करून बसत नाही, सपाट पसरून खाली जातं. परत धू." परत धुतला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेला पाणी सरळ खाली उतरलं, एक थेंब राहिला नाही, तेव्हा म्हणाल्या, "कंटाळली नाहीस. या राहायला."

जिना उतरताना हे म्हणाले, "बाई चक्रम आहे." मी म्हटलं, "खोलीत हवा आहे पण." आणि आम्ही राहिलो.

सगळी पोळ, म्हणजे आमची गल्ली, त्यांना आत्याच म्हणायची, गुजराती शेजारी पण आत्याच. लग्न केलेलं नव्हतं. सातवीपर्यंत शाळा, आणि मग युनिव्हर्सिटीत, सयाजीगंजला, सायन्सच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या-बाटल्या धुवायची नोकरी, ती रिटायर होईपर्यंत. त्यांच्या पणजोबांचे कोणीतरी इथल्या महाराजांच्या फौजेत होते म्हणून हे घर. आत्या म्हणायच्या, "ते तलवारी पुसत असतील, मी नळ्या पुसल्या. पुसण्याचं घराणं आमचं." पण नळ्या धुता धुता बाईंनी कान उघडे ठेवले होते. प्रोफेसर मुलांना काय सांगतात, मुलं एकमेकांना काय सांगतात, सगळं ऐकलं, जे कळलं नाही ते डबा खायच्या सुट्टीत विचारलं. कोणी हसलं तर त्याची नळी त्या दिवशी शेवटी धुवायची.

मी नववीपर्यंत शिकले करजणला, दहावीला बसवलंच नाही घरच्यांनी. हे मी आत्यांना लाजत सांगितलं तर त्या एकदम ताठ बसल्या. "मी सातवी, तू नववी. मग तू माझी सिनियर झालीस की!" तेव्हापासून माझं नाव सिनियर. खालून हाक यायची, "ए सिनियर, दूध उतू जातंय तुझं, वास येतोय!" पोळीतल्या नव्या बायकांना वाटायचं मी कुठे ऑफिसात मोठी साहेबीण आहे.

घरात सगळ्यावर पांढऱ्या पट्ट्या. लॅबमध्ये बाटलीवर चिकटवतात तशा, आणि त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं. हळद, कधी उघडली. लोणचं, कधी घातलं. गॅसचा बाटला, कधी लावला. एकदा त्यांना ताप आला होता तर स्वतःच्या मनगटावर पट्टी लावून बसल्या होत्या, किती वाजता किती ताप. मी हसले तर म्हणाल्या, "डोकं विसरतं गं, पट्टी विसरत नाही."

आणि वर अगाशीत टमाट्याची रोपं, तेलाच्या डब्यांत. ते त्यांचं देवघर म्हणा ना. पान तोडायचं असलं तर आधी सांगायच्या, "एक घेते." मला वाटलं वय झालं. मग एकदा पानावर अळी बसलेली होती, आत्यांनी मला ओढत वर नेलं आणि म्हणाल्या, "बघ, हिने इथे चावा घेतला. आता तिकडच्या पानाला ते कळणार. तुला दिसणार नाही, पण कळतं."

"कोण सांगतं त्याला?"

"ग्लुटामेट," आत्या म्हणाल्या. असं म्हणाल्या जसं काही शेजारच्या बंगल्यातला ओळखीचा माणूस. "निरोप्या आहे तो. झाडात डोकं नाही, नसा नाहीत, पण निरोप्या आहे. तुझ्यात पण तोच. टमाट्यात तर भरलेला. म्हणून तर शेव-टमाट्याचं शाक खाऊन माणूस बोटं चाटतो. जिभेवर त्याच्यासाठी वेगळा दरवाजा आहे. तो आला की जीभ मेंदूला सांगते, चांगलं आलंय, अजून घे."

हे भाजीच्या लारीवर, हातगाडीवर, पण सांगायच्या. टमाटा हातात घेऊन, "यात निरोप्या कमी आहे, कच्चा आहे." लारीवाला भाई हात जोडायचा, "आत्या, लेवुं होय तो लो, भणावो नहीं." घ्यायचं तर घ्या, शिकवू नका. आत्या घ्यायच्या पण, आणि शिकवायच्या पण.

तनू आठ महिन्यांची होईपर्यंत मला हे सगळं गंमतच वाटायचं.

मग एका सकाळी मी तिला मांडीवर घेऊन भरवत होते आणि तिचे डोळे वर गेले. एका बाजूला गेले, तिथेच राहिले. हात-पाय ताठ, मग झटके, झटके, ओठ निळे. मला वाटलं गेली. मी ओरडले पण नाही, हातातला चमचा तेवढा पडला. आत्याच वर आल्या कशा कोण जाणे, चमचा पडल्याचा आवाज ऐकला म्हणे. त्यांनी तिला कुशीवर केलं, घड्याळ बघितलं आणि मोठ्याने आकडे म्हणत बसल्या. दोन मिनिटांनी ती सैल पडली आणि झोपली.

दवाखान्यात सांगितलं, फिट आहे. पोळीतल्या बायका म्हणाल्या, खेंच आली. माझी आई करजणहून फोनवर म्हणाली, आकडी. नावं तीन, आणि मला तिन्हींची भीती वाटायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, एक पातळ औषध दिलं, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, सुई नसलेल्या छोट्या पिचकारीने तोंडात द्यायचं, तीन रेघांपर्यंत. म्हणाले, चुकवायचं नाही. मी मान हलवली. मला बाकी काही ऐकूच आलं नव्हतं, मी फक्त तिच्या पायातला एक मोजा कुठे पडला तो शोधत होते.

आता खरं सांगते. मला माहीत होतं की हे माझ्यामुळे झालं. पोटुशी असताना मला त्या सयाजीगंजच्या लारीवरच्या मंचुरियनचे डोहाळे लागले होते, हे ड्युटीवरून येताना आणायचे, मी रोज मागायचे. आणि बाळंतपणानंतर पण खाल्लं, तनू अंगावर पीत असताना. मग माझ्या फोनवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस ओरडून सांगत होता की चायनीजमध्ये जी पांढरी भुकटी टाकतात ती ग्लुटामेट आहे, आणि ती मुलांच्या मेंदूत जाऊन खेंच आणते. ग्लुटामेट! आत्यांचा निरोप्या! मग मी सगळं जोडलं. मंचुरियनमध्ये तो, टमाट्यात तो, माझ्यात तो, माझ्या दुधात तो. मी टमाटे बंद केले, वरणात आमसूल घालायला लागले. आणि तनूला अंगावर पाजणं बंद केलं.

ती ओरडायची. मी दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहायचे, पदर ओला व्हायचा. हे म्हणायचे, अगं पाज ना तिला. मी कारण सांगत नव्हते. सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, मंचुरियन मीच आणलं, आणि मग आम्ही दोघं मेलो असतो त्या विचाराने. एकीने मेलेलं पुरे.

तिसऱ्या दिवशी आत्या वर आल्या. हातात वाटी, वाटीत टमाट्याचं सार. मी वाटी ढकलली, सार सांडलं. आत्यांनी ते पुसलं, नीट, तीन वेळा, आणि मग म्हणाल्या, "बोल."

मी बोलले. सगळं एका दमात, रडत, नाक पुसत. मग त्यांनी फोन मागितला, तो व्हिडिओ बघितला, पूर्ण.

"हा माणूस नळी धुवत नाही," म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे याच्या काचेवर थेंब आहेत. नाव बरोबर घेतलंय, बाकी घाण." फोन उलटा ठेवला. "ऐक सिनियर. तू जो निरोप्या खातेस तो आतड्यातच वापरला जातो. आतडं त्यावर स्वतःचं पोट भरतं. थोडा उरला तर मेंदूला दार आहे, तो असा सहज आत शिरत नाही. मेंदू स्वतःचा निरोप्या स्वतःच्या घरात बनवतो. आणि तुझ्या दुधात तो आहे, हो, आहे! गाईच्या दुधात असतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हे मी आमच्या लॅबच्या मॅडमच्या तोंडून ऐकलंय. बाईच्या दुधात तो एवढा का असेल? पोराला विष द्यायला?"

"मग खेंच का आली?"

"डॉक्टरांना पण अजून माहीत नाही. तुला कुठून माहीत? पाज आधी."

मी पाजलं. तनू अशी तुटून पडली की मला चावली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि भिंतीलाच सांगत होत्या, "जिभेने सांगितलं बघ. चांगलं आलंय, अजून घे."

त्या दिवसापासून आत्या मला शिकवायला लागल्या. दुपारी तनू झोपली की जिन्यात बसायच्या, मी शेंगा सोलत, त्या बोलत. मेंदूत पेशी असतात, एकीला दुसरीला काही सांगायचं तर मध्ये फट असते, फटीत निरोप्या उडी मारतो, पलीकडे जाऊन म्हणतो, ऊठ. बस, एवढंच म्हणतो, ऊठ. मग त्याला लगेच उचलून परत घरी नेतात. पण कधी कधी खूप निरोपे एकदम धावतात, सगळे ओरडतात, ऊठ ऊठ ऊठ, आणि सगळ्या पेशी एकदम उठतात. ती खेंच. औषध त्यांना शांत करतं. आणि हा निरोप्या नुसता मेंदूतला नाही हं, आतड्यात तो सांगतो जेवण आलं, साखर सांभाळणारी ग्रंथी असते तिथे तो आहे, हाडात पण आहे, हाड वाढवायचं काम ज्यांचं त्या पेशी पण त्याचं ऐकतात. आत्या बोलताना हात हलवायच्या, शेंगांची टरफलं उडायची. मला कळत होतं. नववीनंतर पहिल्यांदा मला वाटलं की मला कळतंय.

आणि तिथेच मी चूक केली. आत्यांनी चांगलं सांगितलं म्हणून केली, हे मला आज पण कसं सांगावं कळत नाही.

तनू तेरा महिन्यांची झाली, उभी राहत नव्हती. वजन वाढत नव्हतं. औषध घेतलं की झोपायची, जागी असली तरी मान टाकून. शेजारची तिच्याच वयाची मुलगी ओटा धरून चालायला लागली होती. मी रोज बघायचे आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. औषध निरोप्याला गप्प करतं. निरोप्या हाडात पण आहे, आतड्यात पण आहे. म्हणजे मी रोज दोन वेळा माझ्या पोरीच्या हाडांना गप्प करतेय. आतड्याला कोणी सांगतच नाही जेवण आलं, मग अंगी कसं लागेल? सगळं बरोबर जुळत होतं. किती बरोबर जुळत होतं! मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायला लागतं कशाला, मला कळलं होतं ना.

मी तीन रेघांच्या जागी दीड रेघ द्यायला लागले. आणि वर टमाट्याचं सूप, निरोप्या वाढावा म्हणून.

पहिले आठ दिवस तनू इतकी छान होती! जागी, हसरी, माझी वेणी ओढायची. मी मनात म्हणायचे, बघ, मी आई आहे, मला कळलं.

नवव्या दिवशी दुपारी, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि मागे धप्प आवाज झाला. ह्या वेळी दोन मिनिटांत थांबलं नाही. तीन झाली, चार झाली. आत्या खाली बाटल्या धूत होत्या, तशाच साबणाच्या हातांनी आल्या. पोळीच्या तोंडापर्यंत आम्ही पळालो, रिक्षा मिळाली. तनू आत्यांच्या मांडीवर कुशीवर, आत्यांचा एक हात तिच्या गालाखाली, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यासमोर. रिक्षावाला भला माणूस, मागे वळून म्हणाला, "बेन, कांदो सुंघाडो, नहीं तो चंपल सुंघाडो, तरत ऊतरी जशे." कांदा हुंगवा, नाहीतर चप्पल, लगेच उतरेल. मी खरंच पायातली चप्पल काढली. घाबरलेल्या माणसाला कोणी काही सांगितलं की हात आपोआप करतो.

"चप्पल घाल," आत्या म्हणाल्या. आणि त्याला, "भाई, तुला वास घ्यायचाय तर घे, पण रस्ता बघ. हॉर्न दे."

त्याने दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

तनूला आत नेलं. दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर, आत्या माझ्यासमोर उभ्या. त्यांच्या हाताचा साबण वाळून पांढरा झाला होता. त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली, निघताना उचलली होती, मला पत्ता नव्हता. बाटलीवर त्यांचीच पट्टी, कधी उघडली त्याची. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. पेला धरायच्या तशीच, एक डोळा बारीक करून.

"ही आतापर्यंत तळाला जायला हवी होती," म्हणाल्या. "किती देत होतीस?"

"तीन."

त्या बाटलीकडेच बघत राहिल्या. मी म्हटलं, "दीड." मग माझा बांध फुटला. "तुम्हीच म्हणालात ना! हाडात पण असतो म्हणून! तुम्हीच म्हणालात औषध त्याला गप्प करतं! ती उभी राहत नाही आत्या, तिची हाडं… मला वाटलं…"

मला वाटलं त्या मारतील. आमच्याकडे मारलं असतं. आत्या माझ्याशेजारी बसल्या. हाताचा वाळलेला साबण नखाने खरवडत राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, थांबली आहे, झोपली आहे, ठीक आहे. मी तोंड उघडायच्या आत आत्या उठल्या. "साहेब, औषध अर्धं गेलंय नऊ दिवस. चूक माझी आहे. मी हिला अर्धं सांगितलं. ही हुशार आहे, उरलेलं अर्धं हिने स्वतः बनवलं."

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं आता हे ओरडणार. ते चिडले होते, दिसत होतं, पण त्यांनी खुर्ची दिली. औषधाचं हे माप हाडं वाढायचं थांबवत नाही म्हणाले, मेंदूतला गोंगाट खाली आणायला आहे. एकदम कमी केलं की तो गोंगाट उसळून येतो, तसंच झालं. झोप फार येते ते खरं आहे, आणि ते मला सांगायला हवं होतं, त्यासाठी आपण काही बदल करू शकतो. वजनाचं पण बघू. "मनात काही आलं तर फोन करा," म्हणाले. "स्वतः बाटली कमी-जास्त करू नका. विचारायला लाजू नका." मी म्हटलं, हो. आणि ह्या वेळी मी मोजा शोधत नव्हते.

त्यानंतर तीन दिवस आत्या जिन्यात बसल्या नाहीत. हाक नाही, सिनियर नाही. मला वाटलं आता खोली खाली करायला सांगतील. चौथ्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून वर आल्या. "तनूला तिच्या बापाजवळ ठेव. चल."

आम्ही सयाजीगंजला गेलो, त्यांच्या जुन्या लॅबमध्ये. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला, आत पण मुलं आत्या आत्या करायला लागली. मला त्या इमारतीत शिरायची भीती वाटत होती, चपला बाहेर काढू का विचारलं. आत्यांनी एका मुलीला सांगितलं, "हिला ते पान दाखव." तिने कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ लावला, बाहेरच्या कुठल्यातरी देशात काढलेला. काळ्या पडद्यावर एक छोटं रोप. एक अळी येते, एक पान खाते. आणि तिथून उजेड निघतो. हिरवा, चमकता, देठातून वर, मधून, दुसऱ्या देठात, लांबच्या पानापर्यंत. मी तोंडावर हात ठेवला. हेच. अगाशीत मला दिसलं नव्हतं ते हेच.

"उजेड त्या लोकांनी लावलेला आहे, आपल्याला दिसावं म्हणून," आत्या म्हणाल्या. "पण निरोप पाठवला तो त्या निरोप्याने. बघितलास?"

"बघितला."

"मग परत बघ. ह्या वेळी तिकडे बघू नकोस जिकडे तो जातो. जिथून निघाला तिथे बघ."

मुलीने परत लावलं. अळीने चावलं, उजेड निघाला, पुढे गेला. आणि जिथून निघाला होता तिथे हळूहळू अंधार झाला. पान परत साधं पान. मग मधला देठ साधा. मग शेवटचं पान पण.

"विझतो," आत्या म्हणाल्या. "हे मी तुला सांगायला विसरले होते. हाडातला, आतड्यातला, मेंदूतला, प्रत्येक निरोप विझायला लागतो. विझतो म्हणून पुढचा ऐकू येतो. औषध निरोप्याला मारत नाही गं. विझायला मदत करतं. आता तू मला सांग."

"काय?"

"जे कळलं ते. उलटं सांग मला. आजपासून मी काही सांगितलं की तू मला परत सांगायचं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना पण. अर्धं कळलं असेल तर म्हणायचं, अर्धं कळलंय."

मी त्या मुलीसमोर, कॉम्प्युटरसमोर, घाम पुसत पुसत सांगितलं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आत्यांनी मान हलवली, पेल्याच्या वेळी झालं तसंच.

परत येताना बसमध्ये त्या बाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरले. कोणाला परत सांगायला लावलं नाही मी. नळी धुवून उजेडात धरायची सोडून तशीच कपाटात ठेवत गेले." मग, "सिनियर, तुझ्या स्टॉपला उतरायचं विसरशील."

"आपला स्टॉप एकच आहे आत्या."

"म्हणून तर सांगतेय."

तनू सोळाव्या महिन्यात चालली. अगाशीत, टमाट्याचा डबा धरून, आणि डब्यासकट पडली. आत्यांनी दाराच्या चौकटीवर पट्टी लावली, कधी चालली त्याची. त्याच चौकटीवर खाली तिच्या खेंचांच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर किती मिनिटं ते लिहिलेलं. दवाखान्यातल्या त्या दुपारची सगळ्यात वर. तिच्यावर मग कधी खेंचेची पट्टी लागली नाही. ह्यांनी एकदा दिवाळीला चौकट रंगवायला काढली तर आत्यांनी ब्रश हिसकावला.

आत्या गेल्या त्याला आता दुसरा हिवाळा. झोपेत गेल्या. भाची आली होती पुण्याहून, ती घर ठेवतेय, आम्ही पण आहोतच. मी आवरायला गेले तर उशाजवळच्या पाण्याच्या तांब्यावर पट्टी, आदल्या संध्याकाळी भरलेला. पेला मी मागून घेतला. भाचीला वाटलं मी काहीतरी मोठं मागीन.

ह्या वर्षी तनूला पाचवं लागलं आणि डॉक्टर म्हणाले, इतका काळ काही झालं नाही, आता औषध हळूहळू कमी करून बंद करू. मला वाटलं होतं मी नाचेन. नाचले नाही. तेच औषध, जे मी एकदा घाबरून कमी केलं, ते आता बंद करायला मी घाबरत होते. पण मी म्हटलं, "साहेब, मी परत सांगते, बरोबर आहे का बघा." आणि सांगितलं, कोणत्या आठवड्यात किती रेघा, काय दिसलं तर फोन, काय दिसलं तर सरळ इथे. मग म्हटलं, "एक अर्धं कळलंय." ते म्हणाले, विचारा. मी विचारलं. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं, हातात नवी बाटली, आणि ती बाटलीकडे बघतच नव्हती. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "तुम्हाला काय सांगितलं डॉक्टरांनी? मला सांगा बघू."

आठवडे गेले. तीन रेघा, अडीच, दोन, दीड. दीडवर मी तीन दिवस जेवले नाही नीट. मग एक, मग अर्धी.

काल सकाळी आठ वाजले आणि द्यायला काहीच नव्हतं. पिचकारी धुवून ठेवलेली. मी ओट्यापाशी उभी, तनूकडे बघत, डोळ्यांकडे, हातांकडे, ओठांकडे. ती शाळेच्या कपड्यात, रात्रीचं शेव-टमाट्याचं शाक भाकरीशी खात होती, कारण तिला सकाळी पण तेच लागतं. आठ वाजून दहा झाली. साडेआठ झाले. तिने ताट पुसून चाटलं, उठली, आत्यांचा पेला घेतला, मोरीत धुतला, उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा बारीक केला.

"आई, थेंब आहेत," म्हणाली, आणि परत धुवायला बसली. रिक्षावाले काका खाली हॉर्न देत होते. मी काही तिला घाई केली नाही.